देवास नाक्यावरचं ट्रकघर

ट्रकवर घर बांधलेली ही गाडी घेतलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण तीन फेऱ्या मारल्या. एकदा तिच्या खाली उताणा झोपलो, एकदा शिडीनं टपावर चढलो आणि तिसऱ्या फेरीत आमच्या हिला आत कोंडून बसलो. कोंडायचं ठरवलं नव्हतं. ते पुढे येईलच.

मी इंदूरचा, राजेंद्र नगरचा. नोकरी सगळी पिथमपुरात गेली, गुणवत्ता तपासणीत. पार्ट हातात आला की आधी त्यातली खोट दिसते, मग पार्ट दिसतो. घरी या सवयीचा उद्धार रोज होतो, विशेषतः मी भाजी आणल्यावर. निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी एकच मोठा बेत केला: नर्मदा परिक्रमा, गाडीनं, पण टूरवाल्यांच्या बसमध्ये धावतपळत नाही. ओंकारेश्वरहून निघायचं, वाटेल तिथे चार दिवस राहायचं, पुढे सरकायचं. अडचण हिच्या गुडघ्यांची. धर्मशाळेत बसायचा संडास असला की हिचा चेहराच उतरतो. म्हणून स्वतःचा कमोड बरोबर नेणारी गाडी शोधायला लागलो. अध्यात्माची सुरुवात आमच्याकडे अशी झाली.

छोट्या गाड्यांवर बांधलेली घरं पाहिली. त्यात मी ताठ उभा राहिलो की डोकं छताला लागतं. मग कोणीतरी या गाडीचा पत्ता दिला: टाटा १६१३ ट्रक, २०१४ चा, मागे हौद्याच्या जागी बावीस फुटी खोली, आत ओटा, पलंग, संडास-बाथरूम, एसी, टपावर सोलर. मागणी साडेअठरा लाख. देवास नाक्याजवळच्या एका गोदामाच्या आवारात उभी. विकणारा मुलगा सुदामा नगरचा, मराठी, वय तिशीच्या आतबाहेर, बोलायला गोड. पहिल्या भेटीतच मी काका आणि ही काकू झालो. त्यानं स्वतः ती दोन-तीन सहलींना वापरली, म्हणाला. बांधली कोणी, तर "एका बॉडीवाल्यानं". त्यापुढे नाव निघालं नाही आणि मीही खणलं नाही.

बरोबर साडूंना नेलं. त्यांचे दोन ट्रक वीस वर्षं इंदूर-मुंबई लाइनवर होते, हेवी लायसन्स अजून चालू आहे. माझं नाही. कारच्या, म्हणजे एलएमव्ही लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते, आणि ही कागदावर १६.२ टनांची. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं साडेसात हजारांची तीच रेष कायम ठेवली. म्हणजे गाडी घेतली असती तर मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी हेवीची ट्रायल द्यायला उभं राहावं लागलं असतं. हिनं त्यावर काही मत दिलं नाही, नुसती हसली.

इंजिनाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे तक्रार नाही. १६१३ मधले १६ म्हणजे टन आणि १३ म्हणजे साधारण एकशे तीस अश्वशक्ती, टाटाच्या जुन्या नावांची ही पद्धत. यात कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरी इंजिन आहे. बीएस-६ नंतरच्या मोठ्या ट्रकांना लागतं तसं युरियाचं पाणी भरायला नको, आणि गावोगावचे मिस्त्री ते ओळखून आहेत. नर्मदेकाठच्या डिंडोरीच्या पुढे कुठेतरी अडकलो तर याचीच किंमत कळेल. पहिल्या दिवशी पोचलो तेव्हा रेडिएटर कोमट होता, म्हणजे आम्ही यायच्या आधीच इंजिन चालवून गरम केलेलं. साडू काही बोलले नाहीत, फक्त परत येताना म्हणाले, "उद्या न सांगता यायचं. सकाळी साडेसहाला."

दुसऱ्या दिवशी पोहे-जलेबी बांधून घेतली आणि पोचलो. मुलगा डोळे चोळत आला. इंजिन गार होतं. दुसऱ्या सेल्फला उचललं, मिनिटभर पांढुरका धूर, मग साफ. साडूंनी केबिनमधलं इंजिनावरचं झाकण उघडलं, ऑइल भरायच्या तोंडाचं बूच काढून उलटं करून तसंच तोंडावर ठेवलं. पिस्टन-रिंगा गेलेल्या असतील तर बूच नाचतं, कधी उडतं. हे थरथरत राहिलं, जागचं हललं नाही. "याला अजून आयुष्य आहे," म्हणाले. साडूंच्या तोंडून हे सर्टिफिकेट मी आयुष्यात दोनदा ऐकलंय, दुसऱ्यांदा त्यांच्या आईबद्दल.

मग इंजिन बंद केलं, ब्रेक पूर्ण दाबून धरायला मला बसवलं आणि ते स्वतः चाकांभोवती कान लावून फिरले. हवेची सुई उतरत होती. मागच्या डाव्या चाकापाशी फुसफुस, बूस्टरचा पडदा गेलेला. फार मोठं काम नाही. टायर मात्र फसवे. नक्षी भरपूर, काळा पॉलिश मारलेला, बघणारा खूष. बाजूवर गोल खिडकीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. पुढच्या दोन्हींवर ०९१८, म्हणजे २०१८ सालचा नववा आठवडा. नख लावलं तर भिंतीवरच्या भेगा उघडतात. ट्रक उभा राहिला की टायर झिजत नाहीत, वाळतात. सहा आणि एक स्टेपनी बदलायची म्हणजे दीड लाखाच्या जवळ.

रस्त्यावर काही नेता आली नाही. साडूंचा नियम आहे की मानपूरचा घाट दाखवल्याशिवाय जड गाडी घ्यायची नाही. त्यांनी कागद मागितले. प्लास्टिकच्या पिशवीतून झेरॉक्स निघाली. फिटनेस संपून चौदा महिने झालेले, विमाही गेलेला. "बायपासपर्यंत चक्कर मारू ना काका, कोण बघतंय?" साडू म्हणाले, "मी बघतोय." मग जे काही केलं ते आवारातच. नशिबानं आवारात धर्मकाटा, म्हणजे ट्रक तोलायचा काटा, होता.

हा धर्मकाटा माझ्या दृष्टीनं सगळ्या तपासणीचा गाभा, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ट्रक पूर्ण काट्यावर घेतला: ११,३८० किलो. मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवली: ३,२६०. म्हणजे मागे ८,१२०. १६.२ टनांच्या गाडीला साडेअकरा टन म्हणजे काहीच नाही, मुलगा खूष झाला, "बघा काका, पाच टन शिल्लक!" पण मला भीती एकूण वजनाची नव्हती. पुढच्या चाकांवर एकूण वजनाच्या तीस टक्केही येत नव्हतं. आणि पाण्याची टाकी त्या वेळी रिकामी होती.

टाकी ५०० लिटरची, पलंगाखाली, म्हणजे मागच्या आक्सलच्याही, चाकांच्या दांड्याच्याही, मागे साधारण दोन मीटरवर. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या आक्सलमधलं अंतर, टेपनं मोजला, ४.८३ मीटर. आता लहानपणच्या सी-सॉची आठवण करा. टाकी भरली की आक्सलमागे ५०० किलो बसतात, आणि ते पुढचं टोक वर उचलतात. हिशेब केला तर पुढून सुमारे २०७ किलो कमी होतात आणि मागे ५०० च्या जागी ७०७ वाढतात. पुढे उरले तीन हजार पन्नास. त्यात मागे लटकलेला जनरेटरचा पिंजरा आणि शिडी. अशी गाडी सपाटीवर मजेत चालते. ओल्या घाटात वळणावर स्टिअरिंग हलकं लागायला लागलं की ड्रायव्हरला घाम फुटतो. हे साडूंचं वाक्य, त्यांना अनुभव आहे.

मग शेपूट मोजली. मागच्या आक्सलच्या मध्यापासून शेवटच्या टोकापर्यंत ३.१५ मीटर. केंद्रीय मोटार वाहन नियमांत, ९३ व्या नियमात, हा लटकता भाग व्हीलबेसच्या ६० टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलाय. ४.८३ चे साठ टक्के म्हणजे २.९०. पाव मीटर जास्त. खोली मोठी व्हावी म्हणून चेसिसला, ट्रकच्या खालच्या सांगाड्याला, मागे तुकडा जोडला होता. मी खाली सरकलो तेव्हा तो जोड दिसला. वेल्डिंग कुशल हातचं नव्हतं, वर पट्टी, तिच्यावर काळा रंग, रंगाखाली मण्यांसारखे थेंब. चेसिसच्या वरच्या-खालच्या ओठावर, म्हणजे दुमडलेल्या कडेवर, वेल्डिंग किंवा भोक पाडायचं नसतं, सगळा ताण तिथेच असतो. इथे तर खोलीचे अँगलच ओठावर झाळून टाकलेले. पाठीला ग्रीस, केसात माती, आणि वरून हिचा आवाज: "अहो, ओट्याला ग्रॅनाइट आहे!"

ग्रॅनाइट खरंच होतं. आठ फुटांचा काळा ओटा, सत्तर किलोच्या आसपास भरेल. हिला तोच आवडला. हात फिरवून पाहिला, उंची बरोबर, कुकरला जागा, खिडकी ओट्यावर, फोडणीचा धूर थेट बाहेर. आत काम चांगलंच होतं, ते नाकारत नाही. पलंगाखालचे कप्पे कुलपाचे, रस्त्यात उघडू नयेत म्हणून. बाथरूममध्ये धरायला दांडा. कमोडही बसायला उंच, मुख्य मुद्दा तोच. हिनं त्यावर बसून, दार लावून, परीक्षा घेतली आणि बाहेर येऊन पसंतीची मान हलवली. मग मुलाला विचारलं, "हे सगळं रिकामं कुठे करायचं?" तो म्हणाला, "काकू, गाडी रस्त्याला उभी केली की खालचा वॉल्व्ह उघडायचा." ज्या शहरानं २०१७ ला स्वच्छ सर्वेक्षणात पहिला नंबर पटकावला आणि नंतर ती सवयच लावून घेतली, तिथे वाढलेली बाई हे ऐकून काय बोलली ते इथे लिहीत नाही. नर्मदेच्या काठावर तर विचारही नको.

ग्रॅनाइटकडे परत येतो. सिंकच्या कोपऱ्यातून एक बारीक रेघ निघाली होती, केसाएवढी, तिरपी. मुलगा म्हणाला दगडाची नैसर्गिक शीर आहे. नैसर्गिक शिरेत नख अडकत नाही. माझं अडकलं. आणि मी थेट बाहेर गेलो, साडूंना म्हटलं, "दादा, दोन ठोकळे बघा."

ट्रकची चेसिस म्हणजे लांबलचक शिडी. खड्ड्यात एक चाक गेलं की ती पिळते, पिळायलाच बनवलेली असते, ओला टॉवेल पिळल्यासारखी, अर्थात थोडीशी. मालाच्या हौद्याला त्याचं काही नाही, फळ्या कुरकुरतात आणि जागेवर येतात. घराचा डबा मात्र ताठ असतो. तो शिडीवर आठ ठिकाणी आवळून टाकला की शिडीची सगळी पिळ डब्यात जाते. मग खिडक्यांचे कोपरे फाटतात, फरशी तडकते. जाणते लोक डबा तीन टेकूंवर ठेवतात किंवा एका टोकाला घट्ट आणि दुसऱ्या टोकाला स्प्रिंगवर मोकळा सोडतात. घरातली तिपाई कितीही खडबडीत अंगणात ठेवा, डुगडुगत नाही, चार पायांचं टेबल डुगडुगतं. तेवढंच हे शास्त्र आहे. इथे आठ यू-बोल्ट होते, आणि वर वेल्डिंग.

रेल्वे स्लीपरचे दोन जुने ठोकळे मिळाले. साडूंनी पुढचं उजवं चाक त्यावर चढवलं, नऊएक इंच. मी बाहेर, खोलीच्या दारापाशी. ही आतच होती, ओट्याचे कप्पे बघत, तिला कोणी उतरायला सांगितलं नव्हतं. चाक वर गेलं तसा डब्यातून "कट्ट" आवाज आला, मग एक लांब कुरकुर. मी दार ओढलं. हललं नाही. जोरानं ओढलं. आतून तिनं ढकललं. चौकट तिरपी झाली होती, वरच्या कोपऱ्यात दार चौकटीला घासून बसलेलं, खालच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट.

"अहो, उघडा ना."

"उघडत नाहीये."

"म्हणजे?"

"गाडी पिळलीय."

आत थोडा वेळ शांतता. मग: "मग सरळ करा!"

मुलगा धावत आला, लाथ मारायला निघाला, मी अडवलं. साडू केबिनमध्ये बसून हसू दाबत होते, ते आरशात दिसत होतं. चाक खाली आणल्यावर दार साळसूदासारखं उघडलं. ही उतरली, पदर नीट केला, साडूंकडे वळून म्हणाली, "जिजाजी, परिक्रमेत आग लागली तर काय करायचं?" गंमत तिथेच संपली. एकच दार, खिडक्यांना पक्की जाळी, आणि खराब रस्त्यावर चाक वाकडं झालं की ते दार बंद.

आगीवरून गॅस. ओट्याखालच्या कपाटात १४.२ किलोची घरगुती टाकी, त्याच कपाटात इन्व्हर्टरच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या, आणि कपाटाला खाली एकही भोक नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचतो. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून निघणारा हायड्रोजन हलका, वर जमतो. दोघांच्या मधोमध इन्व्हर्टर, ठिणगीसह. मी आयुष्यभर तपासणीचे कागद भरले, पण इतकी संपूर्ण मांडणी एका कपाटात कधी पाहिली नव्हती. गॅसची टाकी बाहेरून उघडणाऱ्या वेगळ्या खणात, तळाला मोकळी जाळी, आणि शक्यतो पाच किलोची. याला पर्याय नाही.

विजेचं काम करणारा वेगळा असावा, कारण त्याची चूक वेगळ्या जातीची. ट्रक २४ व्होल्टचा असतो, बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक. घरातले दिवे आणि पाण्याचा पंप १२ व्होल्टचे. चोवीसाचे बारा करणारा कन्व्हर्टर घालायचा तर या महाशयांनी दोन बॅटऱ्यांच्या मधूनच तार काढलेली. दिवे लागतात, गिऱ्हाईक खूष. पण मग रोज एकच बॅटरी रिकामी होते आणि डायनामो दोघींना एकत्रच भरतो. इंजिन चालू ठेवून मीटर लावला: एकीवर १३.१, दुसरीवर १४.९. एक उपाशी, एक अजीर्ण झालेली. भरल्या पोटाचीचं बूच उघडलं तर पाणी प्लेटांच्या खाली. दोन्ही बॅटऱ्या मरणार, फक्त वेगवेगळ्या रोगानं.

एसीबद्दल मुलगा म्हणाला रात्रभर चालतो. इन्व्हर्टरच्या दोन बॅटऱ्या १५० अँपिअर-अवरच्या, १२ व्होल्टच्या. दोन्ही मिळून ३.६ युनिट कागदावर, आणि शिशाच्या बॅटरीतून निम्म्याहून जास्त काढायचं नाही, म्हणजे १.८. एक टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना तासाला जवळपास एक युनिट खातो. मे महिन्यात खरगोनकडे उभे राहिलो तर पहिली झोप लागेपर्यंत एसी, नंतर खिडकी. इन्व्हर्टर दोन केव्हीएचा, पूर्ण भारावर ऐंशी-नव्वद अँपिअर ओढणार, आणि त्याला बॅटरीपासून आलेली तार दहा चौरस मिलिमीटरची. तारेचं आवरण टोकाला तपकिरी झालं होतं. वास घेतला. तुम्हीही घ्या, नाक मीटरपेक्षा आधी सांगतं.

पावसाची परीक्षा हिनं घेतली, माझं श्रेय नाही. पलंगाच्या डोक्याशी एका कोपऱ्यात सनमायका इतरांपेक्षा नवा दिसतोय, हे तिच्या लक्षात आलं. "इथेच का बदललं असेल?" शेजारच्या गोदामातून पाइप आणून टपावर वीस मिनिटं पाणी सोडलं. आत काही ठिबकलं नाही. पण तिनं केसातली पिन काढून त्या कोपऱ्याच्या खालच्या कडेला प्लायमध्ये दाबली, आणि पिन चहात बुडवलेल्या बिस्किटात जावी तशी आत गेली. वर गळती बंद केलेली, आतलं कुजकं तसंच झाकलेलं. टपावर मी गेलो तर सोलरच्या पट्ट्यांसाठी पत्र्यात थेट स्क्रू, वर सिलिकॉनचे ढीग. वरून टेप सोडून उंचीही घेतली, ३.७२ मीटर. काठच्या गावांतल्या विजेच्या तारा आठवल्या.

आता कागद. हे मी सर्वात आधी बघायला हवं होतं. दोन फेऱ्या झाल्यावर रात्री परिवहनच्या ॲपमध्ये नंबर टाकला, यावरून ही अजून बोलते. आरसीवर गाडी मालवाहू, उघड्या हौद्याची. मालक कोणी तिसराच ट्रान्सपोर्टवाला, परराज्यातला. फायनान्सचा बोजा अजून चढलेला. विकणाऱ्या मुलाचं नाव कुठेच नाही. त्याच्याकडे होते ते मूळ मालकाच्या सह्यांचे, नावबदलाचे कोरे फॉर्म २९ आणि ३०, म्हणजे गाडी हातोहात आली होती. नियमानं आधी फायनान्सवाल्याची नाहरकत आणि फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवायचा, मग परराज्याच्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी, मग नावावर, मग एमपी ०९ चा नंबर.

हेही धावपळ करून होईल. घराचं काय? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत आपल्या मनानं बदल चालत नाही. मोटार कॅरव्हानसाठी, म्हणजे अशा फिरत्या घरासाठी, एआयएस-१२४ नावाचं स्वतंत्र मानक आहे, मान्यताप्राप्त नमुन्यावर बांधलेली गाडीच कॅरव्हान म्हणून नोंदवली जाते. पिथमपुरात असताना मान्यतेच्या फायली किती जाड असतात ते पाहिलंय. हा ठोकळा बांधणाऱ्यानं त्यातला एक कागदही केलेला नव्हता. "काका, तीन वर्षांत कोणी अडवलं नाही." अडवलं नसेल. पण उद्या घाटात कोणाला लागलं, तर विमावाले आरसी उघडणार. तिथे लिहिलंय माल, आणि मागे अंथरुणावर सापडणार आम्ही दोघं.

चेसिस नंबर मात्र जुळला, तेवढं त्याच्या बाजूनं. उजव्या बाजूच्या पट्टीवर घासून, कागद ठेवून पेन्सिलनं छाप घेतली, प्रत्येक आकडा आरसीशी ताडला. आजूबाजूला रंग-वेल्डिंग काही नाही. ट्रक चोरीचा नाही. आणि खरं सांगू, ट्रक वाईटही नाही. वर काय ठेवलंय त्याला तो काय करणार?

तारे द्यायची पद्धत आहे म्हणून देतो. इंजिन-गिअरला पाचपैकी चार. आतल्या सुतारकामाला तीन, ओट्याच्या खिडकीसाठी हिच्याकडून अर्धा जास्त. डबा बसवण्याच्या कामाला एक, तोही आठही यू-बोल्ट घट्ट होते म्हणून. वीज आणि गॅस, शून्य. कागद, शून्य. विकणाऱ्या मुलाला चार. लपवाछपवी त्याला नीट जमत नाही, विचारलं की सांगून टाकतो, चहा दर वेळी पाजला. त्याला बिचाऱ्यालाही कोणीतरी असंच चिकटवलं असणार.

तिसऱ्या फेरीच्या शेवटी मी भाव सांगितला. नऊ लाख, आणि तेही बोजा उतरून आरसी त्याच्या स्वतःच्या नावावर झाल्यावर, फिटनेस ताजं झाल्यावर. माझ्या वहीत हिशेब होता: डबा उचलून नव्यानं टेकूंवर बसवायचा, शेपूट कापायची, टाकी आक्सलच्या पुढे आणायची, सगळी तार नवी, टायर. कितीही ताणलं तरी सहा-सात लाख. कॅरव्हान म्हणून नोंदणीचा रस्ता तरीही बंदच. खरं तर नऊसुद्धा जास्त होते, पण हिचा हात अजून त्या ग्रॅनाइटवर होता. साडूंनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मुलगा म्हणाला, "काका, नऊ लाखांत तर मी रडेन." चहा पिऊन निघालो.

नऊ दिवसांनी फोन आला. आवाज एकदम खुशीत.

"काका, तुमचं ते दाराचं काम करून टाकलं! सुतार बोलावला, वरच्या कडेला दोन सूत रंधा मारला. आता ठोकळ्यावर चढवा नाहीतर जानापावच्या डोंगरावर, दार मख्खन उघडतं."

मी विचारलं, "आणि सपाटीवर उभी असताना?"

"तेव्हा जरा खडखडतं. रबर लावून देतो ना."